कलेक्टरकी सोडून गेलेला माणूस आणि आबांचा पासपोर्ट

मागच्या मे महिन्यात आमच्या अभ्यासिकेत एक वाद झाला, हे सगळं तिथून सुरू झालं. अभ्यासिका म्हंजे फार काही नाही, अमळनेरात एका जुन्या गोडाऊनमधी २२ टेबलं, वर पत्रे आणि दोन कूलर, त्यातला एक नुसता आवाज करतो. दुपारी ४४-४५ डिग्रीत पोरं डोक्यावर ओला रुमाल टाकून बसतात, आणि चार वाजले की बाहेर टपरीवर चहा आणि मग पोस्टांची वाटणी. कोण कलेक्टर होणार, कोण एसपी होणार, कोणाला निदान पीएसआय तरी चालेल. परीक्षा राहिली बाजूला, खाती मात्र वाटून झालेली.

तं त्या दिवशी मी सहज विचारलं, आयएफएस कोणी का घेत नाही रे? चोपड्याकडचा एक पोरगा आहे, फार हुशार, तो म्हणे सर मी घेणार आहे, आमच्या गावामागं सातपुडाच आहे. मला दोन मिनिटं कळेच ना सातपुड्याचा काय संबंध, मग ट्यूब पेटली की तो फॉरेस्टचं बोलतोय. मी म्हटलं भो, फॉरेस्ट नाही, फॉरेन! तं सगळे हसले, आणि मागून एक जण म्हणे, "फॉरेनला जाऊन दाखवायचं कोणाला सर? गाडी गावात आली पाहिजे ना."

यावर उत्तर नव्हतं माझ्याकडे, खरंच बोलला तो. आपल्याकडे अधिकारी म्हंजे ज्याची गाडी पारासमोर थांबते तो. राजदूत माली नाहीतर सुरीनामला जाऊन बसला तं गावाला काय त्याचं. मग मी त्यांना परराष्ट्र सेवेतल्या ज्ञानेश्वर मुळेंची गोष्ट सांगायला लागलो, सांगता सांगता लक्षात आलं की या माणसाचं माझ्याकडे एक जुनं देणंघेणं आहे, आणि ते मी कधी कुठे लिहिलेलं नाही. म्हणून हे.

मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातले, गाव अब्दुल लाट. जन्म १९५८. शिक्षण आधी गावात, मग कोल्हापूरच्या राजर्षी शाहू विद्यानिकेतनमधी, म्हंजे खेड्यातली हुशार पोरं वेचून जिथं होस्टेलला ठेवतात ती शाळा. संस्कृतमधली ती मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. मग राज्यसेवेतून उपजिल्हाधिकारी झाले, पुण्याला. आता थांबा इथं जरा. उपजिल्हाधिकारी! माझ्या २२ टेबलांवरची पोरं जिच्यासाठी पाच-पाच वर्षं मॅगी खाऊन काढतात ती पोस्ट हातात, ती पण पुण्यात. आणि हा माणूस ती सोडून १९८३ ला परराष्ट्र सेवेत गेला. हे सांगितलं तेव्हा टपरीवर शांतता. एक जण हळूच म्हणे, घरचे काय बोलले असतील?

परराष्ट्र सेवेत काय होतं की मसुरीचं ट्रेनिंग वगैरे झाल्यावर तुम्हाला एक परकी भाषा देतात आणि ती शिकावीच लागते, त्यात पास झाल्याशिवाय नोकरी पक्की होत नाही. कोणाला अरबी, कोणाला चिनी, कोणाला रशियन. मुळेंच्या वाट्याला जपानी आली. तेव्हा पहिली पोस्टिंग टोकियो. अब्दुल लाटचं पोरगं टोकियोत. सुरुवात थर्ड सेक्रेटरीपासून होते, मग सेकंड, फर्स्ट, मग कौन्सेलर असं चढत जायचं, आपल्याकडे अव्वल कारकून ते तहसीलदार असतं तसंच, फक्त सूट घालून. पुढे मॉस्को, दमास्कस, मॉरिशस असं फिरत फिरत गेले, आणि या सगळ्यात मराठीत लिहीत राहिले, कविता पण, गद्य पण. मला यातलं जास्त आवडतं ते हेच, जपानी बोलणारा माणूस अब्दुल लाटची माती मराठीतच लिहितो.

पण खरी परीक्षा मालदीवला झाली असं माझं मत. २००९ ला तिथं हाय कमिशनर म्हणून गेले. (पोरांसाठी: कॉमनवेल्थमधल्या देशांत आपसात अँबॅसेडर नसतो, हाय कमिशनर असतो, काम तेच.) मालदीव म्हंजे जवळपास १२०० बेटं, आणि राजधानी माले ज्या बेटावर आहे ते बेट साधारण दोन चौरस किलोमीटरचं. आमच्या गावची शिवारफेरी याच्यापेक्षा मोठी होते. एवढ्याशा जागेत राष्ट्रपती, विरोधक, पत्रकार, भारताची कचेरी सगळे एकमेकांच्या ओसरीवर राहिल्यासारखे. आणि गावात भांडण लागल्यावर जसं कोण कोणाच्या ओट्यावर बसला यावरून राजकारण होतं तस्संच झालं तिथं.

फेब्रुवारी २०१२ ला राष्ट्रपती नशीद पायउतार झाले, ते म्हणे बंदुकीच्या जोरावर राजीनामा घेतला, दुसरे म्हणे स्वखुशीनं दिला. नवं सरकार आलं. मालेचं विमानतळ चालवायचं कंत्राट भारताच्या जीएमआर कंपनीकडे होतं, नव्या सरकारमधल्या लोकांना ते खुपत होतं, आणि नोव्हेंबरमधी भर सभेत राष्ट्रपतींच्या प्रवक्त्यानं भारताच्या हाय कमिशनरलाच देशाचा शत्रू म्हणून टाकलं, लाच घेतल्याचा आरोप पण केला. नाव घेऊन! भारतानं निषेध केला, तिथलं सरकार म्हणे ते आमचं मत नाही. त्याच महिन्याच्या शेवटी कंत्राट रद्द.

आता विचार करा. आपल्याकडे ग्रामसभेत कोणी कोणाला असं बोललं तं खुर्च्या उडतात. या माणसानं काय केलं तं दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला. तीच कचेरी, त्याच लोकांशी बोलणी, तेच हस्तांदोलन. आणि लगेच पुढच्या फेब्रुवारीत, १३ तारखेला, नशीदांच्या नावानं अटक वॉरंट निघालं तं ते थेट भारताच्या हाय कमिशनमधी येऊन बसले. बाहेर पोलीस, आत माजी राष्ट्रपती. दहा दिवस. बाहेर काढून दिलं तं जग नावं ठेवणार, ठेवून घेतलं तं ढवळाढवळ केली म्हणणार. दहा दिवसांनी ते आपणहून बाहेर पडले, गोळी नाही, दंगल नाही. आमच्याकडे भाऊबंदकीत चार दिवसांचा पाहुणा सांभाळताना बाईमाणसांच्या नाकी नऊ येतात, इथं तं पाहुणा कोण आणि दारावर कोण.

त्याच वर्षी म्हंजे २०१३ ला न्यूयॉर्कला कॉन्सुल जनरल, म्हंजे तिथल्या भारतीय कॉन्सुलेटचे प्रमुख. वाटलं असेल आता सुटलो. डिसेंबरमधी त्यांच्याच कचेरीतल्या डेप्युटी, आपल्या मराठी देवयानी खोब्रागडे, यांना मोलकरणीच्या व्हिसा-पगाराच्या प्रकरणात अमेरिकन अधिकाऱ्यांनी अटक केली, अंगझडती घेतली, इकडे दिल्लीत अमेरिकन वकिलातीसमोरचे बॅरिकेड काढून टाकले, तुम्हाला आठवत असेल. सगळे चॅनलवाले ओरडत होते पण खरी मेख कोणी समजावून सांगितली नाही. व्हिएन्नाचे करार दोन आहेत. १९६१ चा राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी, त्यात जवळपास पूर्ण संरक्षण. १९६३ चा कॉन्सुलेटवाल्यांसाठी, त्यात संरक्षण फक्त ऑफिसच्या कामापुरतं. खोब्रागडे कॉन्सुलेटच्या, म्हणून अटक जमली. म्हणून मग भारतानं काय केलं तं त्यांची बदली युनोच्या मिशनमधी करून टाकली, म्हंजे १९६१ वाली छत्री डोक्यावर आली, आणि जानेवारीत त्या परत आल्या. कागदाचा खेळ आहे सगळा. (मोलकरणीच्या पगाराचा मुद्दा मात्र आपल्याकडे कोणाला फार बोलावासा वाटला नाही, हे माझं मला खटकतं, असो.)

मग सप्टेंबर २०१४ ला मॅडिसन स्क्वेअरचा मोदींचा तो मोठा कार्यक्रम, माझे जावई, म्हंजे ताईचे मिस्टर, न्यू जर्सीहून गेले होते, पासेस लॉटरीनं दिले होते म्हणे. त्यांनी फोटो पाठवले ढीगभर. ते सोडतो, फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

२०१६ ला मुळे दिल्लीला परतले, सचिव म्हणून, खातं होतं कॉन्सुलर, पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशातले भारतीय. आता परराष्ट्र खात्यात ज्याला त्याला अमेरिका पाहिजे, चीन पाहिजे, पाकिस्तान पाहिजे, पासपोर्ट म्हंजे खिडकीवरचं काम. आमच्याकडे महसूल सोडून पुरवठा शाखेत टाकल्यासारखं. आणि इथंच माझं जुनं देणंघेणं येतं.

२०११ ची गोष्ट. मी डिप्लोमा करून बसलेलो, एका ओळखीच्यानं मस्कतला एका कंपनीत सुपरवायझरची जागा बघून दिली, पगार तेव्हाच्या मानानं डोळे पांढरे करणारा. म्हणे पासपोर्ट पाठव दोन महिन्यात. पासपोर्ट कोणाकडे होता हो? आमच्या भाऊबंदात एकाकडेही नव्हता. एजंट धरला, त्यानं कागद बघितले, म्हणे जन्मतारीख? मी म्हटलं ऑगस्ट १९९०. त्यानं पेनच खाली ठेवलं. म्हणे दोन वर्षं आधी जन्मला असता तं जमलं असतं.

नियम असा होता की २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्याला नगरपालिका नाहीतर ग्रामपंचायतीचा जन्मदाखलाच पाहिजे. शाळा सोडल्याचा दाखला चालणार नाही, दहावीचं सर्टिफिकेट चालणार नाही. आणि मी जन्मलो घरी, पावसाळ्यात, नाला भरून वाहत होता, सुईण पण उशिरा आली म्हणतात, तं त्यात आबा, म्हंजे वडील, नोंद करायला कुठून जातील? नोंदच नाही. एक वर्षाच्या आत नोंद नसली तं कोर्टातून ऑर्डर आणा. मग वकील, प्रतिज्ञापत्र, नोटरी, दोन साक्षीदार, तारीख, पुढची तारीख. साहेब रजेवर. ऑर्डर आली सहा महिन्यांनी, ती घेऊन रात्रीच्या बसनं नाशिक गाठलं, दोनशेच्या आसपास किलोमीटर, तिथं खिडकीवरच्या माणसानं ऑर्डरमधलं आईचं नाव आणि माझ्या मार्कशीटवरचं आईचं नाव जुळत नाही म्हणून परत पाठवलं. येताना बसमधी मी रडलो होतो, आता सांगायला काय हरकत आहे. मस्कतची जागा केव्हाच गेलेली. जन्माचा पुरावा मागत होते आणि मी त्यांच्यासमोर उभा होतो.

तं डिसेंबर २०१६ ला तो नियम उडाला. २६ जानेवारी १९८९ च्या पुढचा असो का मागचा, जन्मतारखेला तेव्हा दहावीचं सर्टिफिकेट चालायला लागलं, शाळेचा दाखला चालायला लागला, आधार, पॅन, लायसन पण. लग्नाचं सर्टिफिकेट नको. घटस्फोट झालेल्या बाईला नवऱ्याचं नाव विचारायचं नाही. आईबाप दोघांची नावं पाहिजेतच असं नाही, एकाचं चालेल. साधूंना आईबापाच्या जागी गुरूचं नाव लिहिता येईल. नोटरीवाली जोडपत्रं सगळी साध्या कागदावर, स्वतःच्या सहीनं, आणि १५ ची ९ केली. ही बातमी मी पेपरात वाचली तेव्हा नोटबंदीच्या रांगेत होतो, आणि दोनदा वाचली. मुळे हे नाव तेव्हा पहिल्यांदा डोक्यात बसलं.

त्याच्या पाठोपाठ जानेवारी २०१७ मधी पोस्टात पासपोर्ट केंद्रं सुरू झाली, पहिली दोन म्हैसूर आणि दाहोदला. दाहोद म्हंजे आपल्या नंदुरबारसारखाच, गुजरातेतला आदिवासी मुलूख, हे मला विशेष वाटलं. ठरवलं काय तं कोणाला पासपोर्टसाठी ५० किलोमीटरच्या वर जायला लागू नये. आता देशभरात अशी चारशेच्या वर केंद्रं आहेत.

लोक त्यांना पासपोर्टमॅन म्हणतात. मला हे नाव जरा जास्त वाटतं, खरं सांगू का, कारण हे एकट्याचं काम नाही. ऑनलाइन अर्ज आणि ती चकचकीत सेवा केंद्रं त्यांच्या आधीच, २०१० पासून, टीसीएसला घेऊन उभी राहिली, मुक्तेश परदेशी म्हणून दुसरे अधिकारी तेव्हा मुख्य पासपोर्ट अधिकारी होते. वर सुषमा स्वराज मंत्री होत्या, त्या ट्विटरवर आलेल्या तक्रारीला रात्री उत्तर द्यायच्या. पण मंत्री चांगला असला तरी फाईल कोणीतरी हलवायला लागते, आणि कोणता कागद खरंच लागतो आणि कोणता उगाच मागतात हे ज्यानं गावात कागद गोळा केलेत त्यालाच कळतं, असं आपलं माझं मत.

चुका पण झाल्या. २०१८ च्या जानेवारीत खात्यानं काढलं की दहावी नापास कामगारांना, म्हंजे ज्यांना आखातात वगैरे १८ देशांत जायला सरकारची वेगळी परवानगी लागते त्यांना, नारंगी रंगाचा पासपोर्ट देणार. म्हंजे विमानतळावर लांबूनच कळणार हा नववी पास. माझा मावसभाऊ दोह्यात शटरिंगचं काम करतो, त्याला फोनवर सांगितलं तं तो म्हणे, मंग कपाळावरच शिक्का मारा ना. केरळात बोंब झाली, टीका झाली, आणि महिना पुरा व्हायच्या आत निर्णय मागे घेतला. चांगलं झालं. पण सुचलं कोणाला आणि कसं, हे मला अजून कळत नाही, एवढी माणसं ओळखणारं खातं आणि हे असं.

आता आबांकडे येतो. ताईला दुसरं बाळ होणार म्हणून मागच्या डिसेंबरात आईआबांचे पासपोर्ट काढायचं ठरलं. आबांची जन्मतारीख १ जून १९५३. आमच्या गल्लीतले निम्मे म्हातारे १ जूनचेच, गुरुजींनी शाळेत घालताना जी टाकली ती. दाखल्यावर आजोबांचं नाव दगा आणि आधारवर दगाजी, तं आधी आधार दुरुस्त केलं, त्यात तीन आठवडे. आईचं काहीच अडलं नाही. जुन्या नियमात लग्नाचं सर्टिफिकेट लागलं असतं, आणि १९७८ च्या लग्नाचा पुरावा म्हणून घरात फक्त एक पितळी घंगाळ आहे, नाव कोरलेलं. अर्ज मीच अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरवर भरला. फी १५००, साठीच्या वरच्यांना दहा टक्के सूट, म्हंजे १३५०. आबांना ते फार आवडलं, दोघांचे मिळून तीनशे वाचले ते त्यांनी गावात चार जणांना सांगितलं.

धुळं जवळ पडतं पण आबांना रेल्वे आवडते म्हणून सकाळच्या गाडीनं जळगाव, तिथून रिक्षानं पोस्टात. मी घरून भाकरी-ठेचा बांधून घेतला होता, जुन्या अनुभवानं, दिवस जाईल म्हणून. आत गेलो तं एक साधी खोली, बाजूला रजिस्टरची गर्दी, आणि एका काउंटरवर फोटो आणि बोटांचे ठसे. आईचं पाच मिनिटांत झालं. आबांचे ठसे काही उमटेनात. पन्नास वर्षं वखर, कापूस, विहिरीचा दोर, बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत. मशीन लाल दिवा दाखवायचं आणि आबा अजून जोरात दाबायचे. तिथली मुलगी चांगली होती, ओला कपडा दिला, बोट पुसलं, थोडं आडवं करून ठेवायला सांगितलं, आबा म्हणे, "मी ते मीच शे ना बाई, मशीनले काय माहीत?" ती हसली, आणि चौथ्या-पाचव्या वेळेला दिवा हिरवा झाला. मी मागे उभा राहून घड्याळ बघत होतो, सगळं मिळून पाऊण तास. बाहेर येऊन भाकरी तशीच पिशवीत ठेवली आणि शेवभाजी खाल्ली, तर्री एवढी की आईनं डोळे पुसले.

पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार आले ते घरचं भरीत खाऊन गेले, सही घेतली, कापसाचा भाव विचारला.

पंधरा-सोळा दिवसांनी पोस्टमन स्पीड पोस्ट घेऊन आला. आबांनी चष्मा लावून आधी फोटो बघितला, मग पहिलं पान वाचायला लागले. त्यावर हिंदीत लिहिलेलं असतं, राष्ट्रपतींच्या नावानं सगळ्यांना विनंती की या माणसाला बिनारोकटोक जाऊ द्या, लागेल ती मदत करा. मी अभ्यासिकेतल्या त्या चोपड्याच्या पोराला पण बोलावलं होतं, त्याचा यूपीएससीचा फॉर्म आला होता आणि त्यात कोणती सेवा आधी लिहायची या पसंतीक्रमावर आमचा वाद चालू होता, तो बघत होता.

आबांनी पान दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणे, "राष्ट्रपतीले मी कोठे माहीत शे?"

आई आतून म्हणे, "प्रतिभाताई व्हती तवय काढाले पाहिजे व्हता."